दुपारची वीज आणि आरतीची वेळ



बडोद्यात आता आपल्यापैकी पुष्कळांच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. बिल शून्यावर आलं की आपण म्हणतो, आमचं घर सूर्यावर चालतं. पण रात्री आठला आरतीसाठी मांडवातले दिवे लागतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि आपण ग्रिडकडूनच वीज घेतो. दुपारी दिलेली युनिटं हिशेबात वळती होतात इतकंच. ती वीज त्याच क्षणी कुणाच्या तरी पंख्यात खर्च झालेली असते.

वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. जेवढी लागेल तेवढीच त्या त्या क्षणी तयार व्हावी लागते. तोल राहिला तर ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राहते. निर्मिती कमी पडली की घसरते. ढग आले, कच्छातला वारा पडला, की कोळशावरची केंद्रं सावकाश चढतात. पाण्यावरची यंत्रं मात्र काही मिनिटांत जोर धरतात.

म्हणून आम्हाला गरुडेश्वरबद्दल बोलायचं आहे. टेंबे स्वामींच्या समाधीला आपण सगळेच जातो. तिथला नर्मदेवरचा बंधारा मात्र कशासाठी, हे फारसं कुणी विचारत नाही. वरच्या अंगाला सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजगृहात २०० मेगावॉटची ६ यंत्रं आहेत. ती उलटीही फिरतील अशीच घडवलेली. वीज जास्त असताना खालचं पाणी धरणात चढवायचं, टंचाईच्या वेळी सोडायचं. त्यासाठी खाली पाणी साठलेलं हवं, म्हणून बंधारा. ही कल्पना सोलरच्या लाटेआधीची, पण दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत राखायला याहून मोठं भांडं आपल्या जवळपास नाही.

फुकट काहीच नाही. चढवायला लागते त्याच्या साधारण पाऊण हिस्सा वीजच परत मिळते. जमिनी बुडतील म्हणून काठच्या आदिवासी गावांनी बंधाऱ्याला विरोध केला होता, तेही दर्शनाला जाताना आठवावं.

बॅटऱ्या आहेतच, मोढेऱ्याला २०२२ साली सोलरबरोबर त्याही आल्या. पण सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे वापरच दुपारकडे सरकवणं. शेतीला दिवसा वीज देणारी किसान सूर्योदय योजना २०२० पासून हेच करू पाहते. आपल्या सोसायट्यांचे पंप मात्र अजून रात्री आणि पहाटे चालतात. गच्चीवरच्या टाकीत चढवलेलं पाणी ही साठवलेली वीजच की! आमच्याकडे टाकी दुपारी बारा ते दोन भरायचं ठरवायला एक बैठक पुरली. वॉचमनची जेवणाची वेळ तेवढी बदलावी लागली.