एका संघात खेळलं की अढी जाते का?

आजचा प्रश्न सरळ आहे. ज्यांच्या नुसत्या नावाने मनात धास्ती बसलीय, त्यांच्यासोबत एका संघात खेळलो तर काय होईल?

चला, उत्तर इराकमध्ये जाऊ. ऑगस्ट २०१४. आयसिसने काराकोश हे ख्रिस्ती वस्तीचं शहर घेतलं. हजारो कुटुंबं नेसत्या कपड्यांनिशी एर्बिलकडे पळाली. २०१६ मध्ये शहर सुटलं, लोक परतू लागले. पण घरं जळालेली, आणि आसपासच्या मुसलमानांवरचा विश्वासही उडालेला.

अशा वेळी सल्मा मूसा या संशोधक बाईंनी तिथे फुटबॉलच्या लीग भरवल्या. आधीच्या ख्रिस्ती संघांत आणखी तीन-तीन खेळाडू घातले. काही संघांना तिघेही ख्रिस्ती, काहींना तिघेही मुसलमान. कुणाला कोण मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. का? कारण निवड खेळाडूंवर सोडली असती, तर ज्यांच्या मनात मुळात अढी कमी तेच पुढे आले असते. मग फरक खेळामुळे पडला की स्वभावामुळे, हे कसं कळणार?

२०२० साली निकाल छापून आला. मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू दुसऱ्या संघातल्या मुसलमान खेळाडूला खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी जास्त मतं देत होते. पुढच्या हंगामात मिश्र संघासाठी नाव नोंदवत होते. सहा महिन्यांनीही मुसलमानांसोबत सराव करत होते. भारीच ना?

थांबा, गोष्ट अजून संपली नाही. त्यांना मोसुलमधल्या एका हॉटेलात जेवायची कुपनं दिली होती. मोसुल म्हणजे मुसलमान बहुसंख्य असलेलं शहर. तिथे जायच्या बाबतीत मात्र मिश्र संघामुळे ठोस फरक दिसला नाही. मैदानावरचा अहमद आपला झाला; मोसुलच्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस परकाच राहिला.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं, नुसती गाठभेट पुरत नाही. दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, एकमेकांची मदत हवी, वरच्यांचा पाठिंबा हवा. मैदानावर हे सगळं जमवता आलं. मोसुलच्या रस्त्यावर ते कोण जमवणार?

म्हणून "माझा एक मित्र त्यांच्यातला आहे" म्हणताना स्वतःला एवढंच विचारा: त्याच्या मोहल्ल्यात, अनोळखी माणसाशेजारी बसून मी चहा घेईन का?

उत्तर आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!