पाठराखण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मजसारख्या जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास कार्यकारी मंडळाने येथे उभे केले, याबद्दल आभार मानण्याआधी मी थोडे आश्चर्यच व्यक्त करतो. आपल्या ज्ञातीतील तरुण मंडळी आज बँकांतून, कारखान्यांतून, संगणकाच्या कचेऱ्यांतून दहावीस माणसांवर अधिकार चालवीत आहेत. हाताखालच्या माणसांशी वरिष्ठाने कसे वागावे, हे त्यांना मी काय सांगावे? तथापि चुकलेल्या माणसाजवळही सांगण्यासारखे काही असते, एवढ्याच आधारावर बोलतो.

पाठराखण हा शब्द आपल्याकडे लग्नघरातला. नवी नवरी प्रथम सासरी जावयास निघाली, की एक जाणती बाई पाठराखीण म्हणून तिच्यासोबत जात असे. ती नवरीच्या वाट्याचे काम करीत नसे. परक्या घरात तिला एकटे मात्र वाटू देत नसे. वरिष्ठाचे कामही पुष्कळसे असेच आहे. याचे मला ठाऊक असलेले उत्तम उदाहरण आपल्या देशातील अवकाश-संशोधनाच्या इतिहासात सापडते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एस.एल.व्ही.-३ हा अग्निबाण उपग्रह घेऊन प्रथमच उडाला. लांबी सुमारे २२ मीटर, वजन सुमारे १७ टन, टप्पे चार. (त्याच्या घन इंधनाच्या कामात आपले डॉ. वसंत गोवारीकर होते, हे जाता जाता अभिमानाने सांगतो.) प्रकल्पाचे संचालक होते श्री. अब्दुल कलाम, जे पुढे २००२ साली राष्ट्रपती झाले. उड्डाणापूर्वी संगणकाने थांबण्याची सूचना दिली होती. परंतु तज्ज्ञांचा सल्ला घेऊन कलामांनी पुढे जाण्याचा निर्णय केला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेत आम्लाची गळती झाली आणि अनेक वर्षांचे श्रम काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात बुडाले.

बाहेर पत्रकार थांबले होते. इस्रोचे अध्यक्ष प्राध्यापक सतीश धवन कलामांना सोबत घेऊन त्यांच्यासमोर गेले, स्वतः बोलले, अपयशाची जबाबदारी आपल्याकडे घेतली आणि आपले सहकारी पुढल्या खेपेस यशस्वी होतील असा विश्वास प्रकट केला. पुढे १८ जुलै १९८० रोजी त्याच मालिकेतील अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी मात्र धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना बोलावयास सांगितले. हा प्रसंग कलाम पुढे आपल्या भाषणांतून आवर्जून सांगत.

पुष्कळ वक्ते एवढे सांगून टाळ्या घेतात. मला त्यातील न सांगितला जाणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. धवन यांनी ज्याची पाठराखण केली, तो निर्णय घेणारा माणूस होता, केवळ दैवाचा बळी नव्हता. शिवाय आत चौकशी व्हावयाची ती झालीच. कोणती झडप, कोणते आम्ल, दोष कोठे, हे कसून शोधले गेले; म्हणून तर दुसरे उड्डाण साधले. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. चार भिंतींच्या आत कोणी कोणास काही बोलत नाही आणि बाहेरचा माणूस आला की लगेच बोट दाखविले जाते.

हे बोट मीही दाखविले आहे. मुख्याध्यापक झालो त्यानंतरची गोष्ट. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजे. तांदळाची नोंदवही एका शिक्षिकाबाईंकडे होती. परीक्षेचे दिवस होते. मीच म्हणालो, "बाई, आधी गुणपत्रके पुरी करा, तांदळाची नोंद मागाहून करू." पाच दिवसांची नोंद राहिली. साठ मुले, प्रत्येकी शंभर ग्रॅम, पाच दिवस. म्हणजे तीस किलो. सहाव्या दिवशी साहेब अचानक तपासणीस आले आणि कोठीत नेमका तीस किलो तांदूळ कमी भरला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ते काम बाईंकडे आहे."

वाक्य खोटे नव्हते. यापेक्षा वाईट असे काही मी त्याबद्दल आजवर म्हणू शकलो नाही. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. "गुरुजींनीच सांगितले होते," असे त्या म्हणाल्या असत्या तर मी कदाचित सुटलो असतो. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना नोटीस आली. चार रात्री मला झोप लागली नाही. पाचव्या दिवशी कचेरीत जाऊन सूचना माझी होती असे लिहून दिले. नोटीस मागे घेतली गेली. साहेब हसून म्हणाले, "त्याच वेळी का नाही बोललात?"

मी बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या गुरुजी, होते असे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पुढे आम्ही सहा वर्षे एकत्र काम केले. त्यांनी एकही काम टाळले नाही, वर्गही उत्तम सांभाळला. मात्र त्या दिवसापासून मी कोणतेही काम सांगितले, की त्या टेबलावरचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवीत आणि शांतपणे म्हणत, "गुरुजी, एवढे लिहून द्या."