बाळंतपणातील इजा
(माता-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



बाळंतपणात अंग फाटते, हे आपल्या घरांत कुजबुजतच बोलले जाते. पहिलटकरणीला थोडी चीर पडणे नवलाचे नाही. ती टाक्यांनी भरून येते. चिंता आहे ती शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूपर्यंत गेलेल्या जखमेची. पहिली खेप, चार किलोंहून मोठे बाळ, बाळाचे तोंड आईच्या पोटाकडे असणे, जोर करण्याचा काळ लांबणे, चिमटा लावावा लागणे, यांनी तिचा धोका वाढतो. मधुमेही आईचे बाळ मोठे होऊ शकते, म्हणून गरोदरपणी साखर तपासावीच.

‘पोट दाबा, लवकर सुटेल,’ असे वडीलधाऱ्या बायका मायेनेच म्हणतात. पण दाबू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत त्यास नकार आहे; सरसकट कात्री लावण्यासही.

आता थोडे कडू बोलतो. दहावी होताच मुलीचे नाव काढून निकाहाची घाई करणारे पालक येथेही बसले असतील. वाढ पुरी न झालेल्या मुलीचे कटीर अरुंद असते. बाळ अडले आणि वेळीच सुटका झाली नाही, तर मूत्राशयाला भोक पडून लघवी सतत गळते. मग त्या मुलीला घरात कोपरा मिळतो, आणि दोषही तिलाच!

सरकारी रुग्णालयात बाळंतपण व त्यासाठीची ने-आण २०११ पासून मोफत आहे. धुळ्यात आणि जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लघवी किंवा शौच आवरत नसेल, तर बाळंतपणाला कितीही वर्षे झाली असोत, तेथे दाखवा. शस्त्रक्रियेने पुष्कळ जणी बऱ्या होतात.