तबकडीवरची साथ



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं फार दूरचा वाटण्याचा संभव आहे. एक अमेरिकन गिटारवादक आणि एक मराठी गायक, अशा दोघांच्या ध्वनिमुद्रणाच्या कारकीर्दीविषयीं मी बोलणार आहें. गिटारवादकाचें नांव एडी लँग. गायकाचें नांव जी. एन. जोशी. दोघे एकाच पिढींतले, परंतु एक फिलाडेल्फियाचा व दुसरा नागपुराकडचा. एकाचें संगीत जॅझ, दुसऱ्याचें भावगीत. तरीहि दोघांना एकाच यंत्रानें पुढें आणलें, आणि दोघांच्या तबकड्या लक्षपूर्वक ऐकल्या म्हणजे मनांत एकच विचार घोळूं लागतो : साथ करणें ह्याला आपण जें दुय्यम स्थान देतों तें न्याय्य आहे काय ?

प्रथम त्या यंत्राविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान ह्यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां ध्वनिलेखक म्हणजे एक भला मोठा कर्णा होता. गाणारानें कर्ण्याच्या तोंडाशीं जाऊन मोठ्यानें गावें, त्या आवाजाच्या जोरानें पडदा कांपावा आणि पडद्याला जोडलेल्या सुईनें मेणावर रेषा कोरावी, एवढाच तो व्यवहार होता. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत पुकारीत. कारण तबकड्या जर्मनींत हॅनोव्हरला तयार होत, आणि तेथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हें कळावयास हवें होतें. नांव सांगण्याची ती रीत ध्यानांत ठेवावी. नांवाचा प्रश्न पुढें पुन्हां येणार आहे.

ह्या कर्ण्याला हलके स्वर ऐकूं येत नसत. खड्या आवाजाचा गवई आणि पितळेचीं वाद्यें तेवढीं त्याच्यापुढें टिकत. आपल्याकडे नाटकगृहांतले गायक ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोंचणारा आवाज लावीत, म्हणून नाट्यसंगीत कर्ण्याला मानवलें. अमेरिकेंतील नृत्यवृंदांत गिटारीऐवजीं कर्कश बँजो वाजे, त्याचें एक कारण हेंच होतें. १९२५ सालीं विद्युत्‌मुद्रणाची पद्धति प्रचारांत आली, कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन बसला, आणि कुजबुजसुद्धां मेणावर उतरूं लागली. पश्चिमेकडे गिटारीला आणि आपल्याकडे भावगीताला ह्या एका फेरबदलानें वाट मोकळी झाली.

एडी लँग ह्याचें मूळ नांव साल्व्हातोरे मसारो. २५ ऑक्टोबर १९०२ रोजीं फिलाडेल्फिया शहरांत एका इटालियन कुटुंबांत त्याचा जन्म झाला. वडील तंतुवाद्यें तयार करणारे कारागीर. मुलानें प्रथम हातीं घेतलें तें व्हायोलिन; गिटारीकडे तो मागाहून वळला. शाळेंत त्याला जो व्हेनुती नांवाचा सोबती मिळाला, तो पुढें जॅझमधील नामांकित व्हायोलिनवादक झाला. १९२६ पासून ह्या दोघांच्या तबकड्या निघूं लागल्या. व्हायोलिन आणि गिटार, एवढाच सरंजाम. ढोल नाहीं, तुताऱ्या नाहींत. मायक्रोफोन येण्यापूर्वीं असा संसार तबकडीवर मांडणें कोणाला सुचलें नसतें, आणि सुचलें असतें तरी तें कोणाला ऐकूं गेलें नसतें.

लँगची गिटार नुसता ठेका धरीत नसे. व्हेनुतीचें व्हायोलिन उंच भरारी घेऊं लागलें कीं ती खालून खर्जाचे स्वर पुरवी, मध्येंच स्वरसंघात बदलून त्या भरारीला नवी दिशा दाखवी, आणि व्हायोलिन विसांवलें कीं एखादी छोटीशी जागा घेऊन पुन्हां मागें सरे. आपल्याकडे जाणता हार्मोनियमवाला गवयाच्या मागोमाग जातांजातां त्याला पुढची वाट सुचवून जातो, तशांतलाच हा प्रकार.

१९२८ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें लँगनें लॉनी जॉन्सन ह्या दुसऱ्या गिटारवादकाबरोबर वाजवावयास आरंभ केला. जॉन्सन न्यू ऑर्लिन्सचा, निग्रो वंशाचा, ब्लूज गाण्यांत व वाजविण्यांत अग्रेसर. लँग गोरा. त्या काळीं अमेरिकेंतील कंपन्या काळ्या लोकांसाठीं काढलेल्या तबकड्यांची यादी निराळी ठेवीत, आणि गोऱ्यांनीं व काळ्यांनीं जाहीरपणें एकत्र वाजविणें समाजास खपत नसे. म्हणून ह्या तबकड्यांवर लँगचें नांव आलें नाहीं. तेथें 'ब्लाइंड विली डन' असें एक कल्पित नांव छापण्यांत आलें. जणूं हा कोणी आंधळा काळा वादकच आहे. वर्षभरांत दोघांनीं मिळून सुमारें दहा तबकडी-बाजू मुद्रित केल्या. आपलें खरें नांव कळावें म्हणून गौहरजान जेथें पुकारा करीत, तेथेंच, म्हणजे तबकडीवरच, एका माणसाला आपलें नांव लपवावें लागलें.

ह्या वादनांत एक गोष्ट विशेष आहे. गोऱ्या समाजांत लँगचें नांव तेव्हां मोठें होतें. नामवंत वृंदांतून त्याला बोलावणीं येत. परंतु जॉन्सनबरोबर बसल्यावर बहुतेक ठिकाणीं पुढचा मान जॉन्सनचा आहे. तानांची लड जॉन्सनच्या गिटारींतून सुटते आणि लँग मागें बसून तिला आधार देतो. समाजाच्या उतरंडीवर जो वरच्या पायरीवर होता तो येथें साथीला बसला, आणि तेंहि तबकडीवर स्वतःचें नांव नसतां. पुढच्याच वर्षीं, ५ मार्च १९२९ रोजीं, लुई आर्मस्ट्राँग ह्या थोर काळ्या तुतारीवादकाबरोबर काळ्यागोऱ्यांच्या मिश्र वृंदांत तो वाजवावयास बसला. त्या काळीं अशी बैठक विरळाच होई.

१९३२ सालीं कार्ल क्रेस ह्या गिटारवादकाबरोबरहि लँगनें दोन युगुलें मुद्रित केलीं. शेवटच्या काळांत तो बिंग क्रॉस्बी ह्या गायकाचा साथीदार होता. क्रॉस्बीची मृदु, जवळ बसून बोलल्यासारखी गायकी ही मायक्रोफोनचीच देणगी. २६ मार्च १९३३ रोजीं, गळ्यांतील टॉन्सिल्सवरील शस्त्रक्रियेनंतर, लँग मरण पावला. वय अवघें तीस. त्याच्या मुद्रणाची सगळी कारकीर्द दहा वर्षांचीहि नाहीं. पण वृंदाच्या मागच्या रांगेंतील गिटार तेवढ्यांत पुढें येऊन बसली.

आतां आपण आपल्याकडे वळूं. नवीन जालन्याहून सिंदखेडराजावरून पूर्वेस गेलें म्हणजे मेहकर लागतें. त्या काळीं जालना निजामाच्या मुलुखांत आणि मेहकर वऱ्हाडांत, मध्यें राज्याची सरहद्द. त्या मेहकरांत ना. घ. देशपांडे नांवाचे कवि वकिली करीत. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी ह्यांनीं १९३२ च्या सुमारास हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीसाठीं गाइली, आणि मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ सामान्यतः त्याच तबकडीपासून मानतात. जोशी स्वतः कायद्याचे पदवीधर होते. वकिलाची कविता, दुसऱ्या वकिलाचा गळा आणि तिसरा मायक्रोफोन. एवढ्यांतून एक नवा गानप्रकार उभा राहिला. रंगभूमीवरचें पद शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकाला उद्देशून असे. भावगीत एकट्या श्रोत्याशीं बोलूं लागलें. क्रॉस्बीचें गाणें आणि आपलें भावगीत हीं एका अर्थीं सख्खीं भावंडें होत.

जोशींनीं पुढें युगुलगीतेंहि गाइलीं, आणि त्यांत त्यांच्याबरोबर होती हुबळीकडील एक तरुण गायिका. तबकडीवर तिचें नांव 'गांधारी' असें छापलें जाई. त्याच आपल्या गंगूबाई हनगल. जन्म ५ मार्च १९१३, धारवाड. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या गायिका. गुरु सवाई गंधर्व. गंगूबाई म्हटलें कीं आज आपणांस आठवतो तो भारदस्त, पुरुषी वाटावा असा आवाज. परंतु ह्या आरंभींच्या तबकड्यांवर ऐकूं येतो तो बारीक, उंच, कोवळा स्वर. पुढें घशाच्या दुखण्यामुळें व त्यावरील उपचारानंतर त्यांचा आवाज पालटला. तो पहिला स्वर खुद्द गाणारीलाहि परत मिळाला नाहीं. तो फक्त लाखेच्या तबकडीवर राहिला. ज्या सुमारास गळ्यावरच्या एका शस्त्रक्रियेनें लँगची गिटार कायमची थांबली, त्याच दशकांत हा दुसरा गळा मुद्रित होत होता, हा योगायोग मनाला चटका लावून जातो.

स्त्रीपुरुषांनीं प्रीतिगीत एकत्र गाणें ही त्या वेळच्या घरांतून सहज मान्य होणारी बाब नव्हती. नाटकांत स्त्रीची भूमिका पुष्कळदां पुरुषच करी, त्यामुळें तेथें प्रेमाचा संवाद लोकांच्या पचनीं पडे. तबकडीवर मात्र एक खरा पुरुष आणि एक खरी स्त्री दिवाणखान्यांत येऊन एकमेकांना साद घालूं लागलीं. सादेला प्रतिसाद देतांना दोन्ही आवाजांना एकाच मायक्रोफोनसमोर, तीन-सव्वातीन मिनिटांच्या मर्यादेंत, आपापली जागा शोधावी लागे. एकानें जास्त जोर केला कीं दुसरा झांकून जाई. म्हणजे येथेंहि नियम तोच : दुसऱ्याचा आवाज ऐकल्याशिवाय स्वतःचा लावतां येत नाहीं.

आणि येथें जोशींच्या चरित्राला जें वळण लागलें तें लँगच्या वृत्तीची आठवण करून देणारें आहे. वकिलीच्या वाटेवरून निघालेले व गायक म्हणून नांव मिळविलेले जोशी हिज मास्टर्स व्हॉइस कंपनींतच ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. गाणारा मायक्रोफोनच्या पुढून उठला आणि कांचेच्या पलीकडे जाऊन बसला. कोणाचा गळा आज लागला आहे, कोणता राग तबकडीच्या वेळेंत मावेल, कोणत्या दोन वाद्यांचें जमेल, ह्याचा विचार करणें हेंच पुढें त्यांचें काम झालें. ही साथच होय. मात्र ती कोणाला ऐकूं येत नाहीं.

त्या साथीचें एक फळ १९६७ सालीं जगासमोर आलें. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही दीर्घवादी तबकडी जोशींनीं निर्माण केली. शिवकुमार शर्मा ह्यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया ह्यांची बांसरी आणि ब्रिजभूषण काब्रा ह्यांची गिटार. काश्मिरांतील मेंढपाळाचा एक दिवस रागांतून रंगवावयाचा अशी ती कल्पना; पहांट अहिरभैरवानें होते आणि शेवटीं पहाडी येतो. काब्रा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार आडवी ठेवून, पोलादी दांडी तारेवरून सरकवीत, ते तिच्यांतून मींड काढीत. सुटे सुटे स्वर वाजविणाऱ्या ह्या परदेशी वाद्याला त्यांनीं रागाचा अखंड प्रवाह वाहावयास लावलें. संतूर मुळांत साथीचें, लोकगीतांतलें वाद्य. शर्मांनीं तें मैफलींत बसविलें. म्हणजे एकेकाळीं मागच्या रांगेंत असलेलीं दोन वाद्यें बांसरीशेजारीं मानानें येऊन बसलीं. ह्या तबकडीवर तबला वाजविणारे माणिकराव पोपटकर ह्यांचें नांव मात्र किती जणांच्या ध्यानांत आहे ? तिघांचीं नांवें आपण एका दमांत घेतों आणि चौथ्याला विसरतों, पण तो नसता तर त्या तिघांना पाऊल ठेवावयास जमीनच उरली नसती.

आपल्याकडे जुगलबंदी म्हटलें कीं कुस्तीच्या आखाड्याची कल्पना पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येते. कोणी कोणाला पाडलें ह्याचीच वाट पाहिली जाते. विष्णु गोविंद जोग ह्यांचें व्हायोलिन आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई ह्यांची जुगलबंदी ऐकावी, म्हणजे हा समज दूर होईल. सनईचा आवाज व्हायोलिनच्या मानानें कितीतरी मोठा, तरी तेथें व्हायोलिन बुडत नाहीं. कारण सनई वाजविणाराला थांबावें कोठें हें ठाऊक आहे. लँगच्या शेजारीं जॉन्सन मोकळा होतो, जोशींच्या शेजारीं गांधारीचा बारीक स्वर मोकळा होतो, त्यांतलेंच हें इंगित.

जातां जातां एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगाला लाख पुरविणारा प्रमुख देश म्हणजे हिंदुस्थान. छोटा नागपूरच्या रानांत झाडांवरून खरवडलेली लाख आगबोटीनें जगभर जाई आणि तिच्यावर कोठें ब्लूज तर कोठें बंदीश कोरली जाई. तेव्हां लँग आणि जॉन्सन ह्यांचें वादन आपणांस अगदींच परकें मानण्याचें कारण नाहीं. राज्यांच्या सरहद्दी, कातडीचे रंग, तबकडीवरचीं खोटीं नांवें, ह्या सर्वांखालीं द्रव्य एकच होतें.

आज हीं जुनीं मुद्रणें घरबसल्या ऐकावयास मिळतात. आपणांस सवड होईल तेव्हां लँग-जॉन्सनचें एखादें युगुल लावावें, आणि त्याच बैठकींत जोशी व गांधारी ह्यांचें एक गीत. पहिल्या खेपेस पुढचा स्वर ऐकावा. तो आपोआपच ऐकूं येतो. दुसऱ्या खेपेस मात्र कान मागच्या स्वराकडे न्यावा, आणि तो कोणाचा आहे, त्याचें नांव तबकडीवर आहे कीं नाहीं, ह्याची चौकशी करावी. घरांतील मुलांना सोबत घेतलें तर अधिक बरें. पुढच्या गाणाराचें नांव त्यांना कोणीहि सांगेल. साथीदाराचें नांव आपणच सांगावयास हवें.