दाखल्याबरोबर आणखी एक कागद



मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली सातवीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला अंधुक दिसतं. गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिचं बरं चाललंय. गुरुजी तिला पहिल्या बाकावर बसवतात, फळ्यावरचं मोठ्यानं वाचतात. गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक अधूनमधून येऊन तिचा अभ्यास पाहतात. जूनमध्ये ती शेजारच्या गावी, एका खासगी संस्थेच्या हायस्कुलात आठवीला जाते. हातात शाळा सोडल्याचा दाखला असतो. त्यावर नाव असतं, जन्मतारीख असते. ती कशी शिकते, हे मात्र कुठंच नसतं.

नव्या शाळेत विषयागणिक शिक्षक वेगळे. ती मागच्या बाकावर बसते आणि वही कोरी राहते. दिवाळीपर्यंत ‘अभ्यासात कच्ची’ असा शिक्का बसतो. पुढच्या रोवणीला ती शाळेऐवजी बांधीत दिसली, तर नवल कसलं?

इथं कोणी वाईट वागलेलं नाही. अडचण वेगळीच आहे. भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांत मिळून जिल्हा परिषदेच्या, नगर परिषदेच्या, अनुदानित, विनाअनुदानित आणि आश्रमशाळा आहेत. प्रत्येकीचा कारभार वेगळा. मूल मात्र एकच, आणि ते या शाळेतून त्या शाळेत जातं.

कायद्यानं हा भेद ठेवलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. कायद्यानं ठरवलेल्या प्रमाणात अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. समावेशक शिक्षण देण्याची जबाबदारी अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा दोन्ही संस्थांवर आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे आणि त्यापुढं १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. पदं भरेपर्यंत शाळांच्या समूहात फिरत्या शिक्षकांकडून काम घेण्याची मुभाही दिली.

अमेरिकेत १९९२ पासून सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळांनी चालवलेल्या ‘चार्टर’ शाळा निघाल्या. एकेका लहान शाळेला सगळे तज्ज्ञ परवडेनात, तेव्हा काही ठिकाणी अनेक शाळांनी मिळून ही सोय केली. आपल्याकडं तर केंद्रप्रमुख आहेत, गट साधन केंद्र आहे. घडी तयार आहे. ती खासगी शाळेच्या फाटकाशी थांबू नये, एवढंच.

त्यासाठी तीन साध्या गोष्टी हव्यात. प्रत्येक शाळेनं, मग ती कोणाचीही असो, या मुलांसाठी एक शिक्षक नेमून द्यावा. विशेष शिक्षकांच्या भेटींचं तालुक्याचं वेळापत्रक जूनमध्येच सर्व शाळांना मिळावं. आणि दाखल्याबरोबर एक पान जावं: मुलाला काय जमतं, काय अडतं, कशानं सोपं होतं. हे पान वर्गात वाचून दाखवायचं नाही; शिकवणाऱ्यांनी समजून घ्यायचं आहे.

पालकांनो, दाखला घ्यायला जाल, तेव्हा ते पान मागा. मुख्याध्यापकांनो, कोणी मागितलं नाही, तरी द्या. मुलीची नजर अधू आहे, हे नव्या शाळेला पहिल्याच दिवशी कळायला हवं. नापास झाल्यावर नव्हे.