खानदेशातील लुप्त श्वापदे आणि वनांचे पुनरुज्जीवन

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना जो घाट चढावा लागतो, त्यास औट्राम घाट म्हणतात. ज्याच्या नावाने हा घाट ओळखला जातो, तो जेम्स औट्राम १८२५ साली भिल्ल पलटण उभारण्यासाठी खानदेशात आला. धरणगाव हे त्या पलटणीचे ठाणे होते. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याने व त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रात आढळते. त्याच नोंदीत १२ रानम्हशी आहेत. आज खानदेशात रानम्हैस नाही, आणि वाघ दिसला की ती बातमी होते.

हा बदल केवळ बंदुकीने झाला नाही. १८०३ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांच्या धाडी यांमुळे खानदेशातील अनेक गावे ओस पडली होती व शेतांत रान माजले होते. पुढे स्वास्थ्य आले, नांगर परत फिरला, लोहमार्ग आला आणि रान मागे हटले. त्या नांगराने लाखो माणसांना अन्न दिले, हेही विसरता येत नाही. म्हणून गेलेली श्वापदे परत आणण्याचा विचार शेतकऱ्याला वगळून करता येणार नाही.

लुप्त प्राण्यांचे तीन वर्ग करता येतील. नर्मदा व गोदावरीच्या खोऱ्यांत ज्यांचे जीवाश्म सापडतात, ते प्रचंड हत्ती व पाणघोडे जगातूनच नाहीसे झाले. त्यांचे स्थान आता शाळेच्या पाठात. दुसऱ्या वर्गात चित्ता येतो. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. त्यांतील काही दगावले, तर काही माद्यांना तेथे पिल्लेही झाली. परंतु चित्त्याला विस्तीर्ण माळराने लागतात. कापूस आणि केळीच्या खानदेशात ती कोठून आणावयाची?

तिसरा वर्ग आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. हे प्राणी येथून गेले, पण राज्यात अन्यत्र टिकून राहिले. रानम्हशी गडचिरोली जिल्ह्यातील कोलामार्का भागात थोड्या संख्येने आहेत. वाघ तर आपल्या पायांनी परत येऊ पाहत आहे. मेळघाटापासून मुक्ताईनगर, यावल आणि शिरपूर तालुक्यातील अनेर असा सातपुड्याच्या कडेने त्याचा मार्ग आहे. यावल अभयारण्य १९६९ साली आणि अनेर अभयारण्य १९८६ साली स्थापन झाले. या दुव्यातील मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ साली घोषित झाले. डोलारखेडा परिसरात वाघ केळीच्या बागांतही आसरा घेताना आढळले आहेत. दक्षिणेस, टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०२१ साली गौताळा-औट्रामघाट अभयारण्यातील कॅमेऱ्यांत टिपला गेला. ज्या डोंगरावर शिकाऱ्याचे नाव कोरले गेले, तेथे वाघ कोणी न आणता परत आला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खानदेशात प्राणी पिंजऱ्यातून आणून सोडण्यापेक्षा त्याची वाट मोकळी ठेवणे अधिक फलदायी आहे. या वाटेवर गवत, पाणी आणि सांबर-नीलगायीसारखे भक्ष्य हवे. वणवे व अतिक्रमणे थांबली पाहिजेत. त्याचबरोबर, वाघाने गाय मारली तर पंचनामा तत्काळ व्हावा आणि भरपाई वेळेवर हाती पडावी. हे झाले नाही तर मेलेल्या जनावरावर विष पडते, आणि शेताच्या कुंपणात वीज सोडली जाते. त्या विजेने वाघाप्रमाणे माणूसही मरतो.

कायद्याने संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीत तेथील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीस स्थान दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. हे अधिकार कागदावर न राहता बैठकीच्या विषयपत्रिकेवर आले पाहिजेत. शिक्षकांनी मुलांना सातपुड्यातील वाघदेवाची परंपरा आणि वाघाची वाट, दोन्ही समजावून द्यावीत. वाघदेवाला नारळ वाहणाऱ्या गावाला वाघाशी शेजार नवा नाही. तो निभावता यावा, म्हणून शासनयंत्रणेने त्या गावाच्या पाठीशी वेळेवर उभे राहणे, हीच या कार्याची खरी सुरुवात होय.