मामा तलाव आणि दूरदेशीची भागीदारी

24 एप्रिल 2025 रोजी, राष्ट्रीय पंचायतराज दिनी, बिहारमधील मधुबनी जिल्ह्यात झालेल्या समारंभात हवामान कृती विशेष पंचायत पुरस्कारासाठी गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील डव्वा एस या ग्रामपंचायतीचे नाव देशात पहिले घेतले गेले. त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील बेला ग्रामपंचायतीने कार्बन उत्सर्जन घटविण्याच्या कामासाठी राष्ट्रीय सन्मान मिळविला होता. वैनगंगेच्या खोऱ्यातील दोन ग्रामपंचायतींनी लागोपाठ मिळविलेला हा मान मोठा आहे. आणि जगातील स्थानिक शासनसंस्था हवामानबदलाच्या प्रश्नावर एकमेकींना कशी मदत करतात, याचा विचार गोंदिया जिल्ह्यात बसून करण्यास तो पुरेसे कारण आहे.

एका देशातील नगरपालिका किंवा जलमंडळ आणि दुसऱ्या देशातील तशीच संस्था यांनी परस्परांशी करार करून अनुभव, तंत्रज्ञ आणि काही प्रमाणात पैसा यांची देवाणघेवाण करणे, यास स्थानिक शासनांची भागीदारी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री आणि रशियातील स्टालिनग्राड या उद्ध्वस्त शहरांनी जोडलेले नाते हे तिचे प्रसिद्ध आरंभीचे रूप होय. जर्मनीने 2011 पासून आपल्या नगरपालिका आणि दक्षिणेकडील देशांतील नगरपालिका यांच्यात खास हवामानविषयक भागीदारीचा कार्यक्रम चालविला असून, ब्रेमेन आणि दक्षिण आफ्रिकेतील दरबान ही जोडी त्यातून पुढे आली. नेदरलँड्सचे उदाहरण तर गोंदियाच्या अधिक जवळचे आहे. तेथे केवळ पाण्याचा कारभार पाहणारी, मतदारांनी निवडलेली आणि स्वतःचा कर वसूल करणारी जलमंडळे मध्ययुगापासून चालत आली आहेत. आज ती 21 आहेत, आणि 2030 पर्यंत जगातील 2 कोटी लोकांना स्वच्छ, पुरेसे व सुरक्षित पाणी मिळण्यास साहाय्य करण्याचा संकल्प करून त्यांनी आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील जलसंस्थांशी दीर्घ मुदतीची भागीदारी केली आहे.

या सर्व प्रयत्नांत एक उणीव राहण्याचा धोका असतो, तो म्हणजे ज्ञान एका बाजूने निघते आणि दुसऱ्या बाजूने ते केवळ स्वीकारले जाते. ज्या समाजाने शतकानुशतके पाण्याची बेगमी केली, त्या समाजालाही अशा वेळी शिकाऊ उमेदवाराच्या जागी बसावे लागते. गोंदिया जिल्ह्याच्या बाबतीत तसे घडणे अन्यायाचे ठरेल, कारण या जिल्ह्यापाशी देण्यासारखे पुष्कळ आहे.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच लोकांच्या तोंडचे मामा तलाव, सुमारे सात हजार असल्याचे सांगितले जाते. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने त्यांतील अनेक तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याची परंपरा आहे. मातीची पाळ, पाणी टप्प्याटप्प्याने सोडणारे तुडूम आणि जादा पाण्याला वाट देणारा सांडवा अशी या तलावांची साधी रचना असते. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून निघालेले पाणी खालच्या तलावात उतरत असल्याने डोंगरापासून नदीपर्यंत तलावांची साखळी तयार होते, आणि पावसाने ओढ दिली तरी धानाच्या बांध्यांना आधार मिळतो. हवामानबदलाने या भागातील शेतीला नेमके येथेच गाठले आहे: पऱ्हे तयार असताना पाऊस लांबला तर रोवणी खोळंबते, आणि धान कापून कडपा शेतात पडल्या असताना अवकाळी पाऊस आला तर हाती आलेले पीक जागच्या जागी कुजते. यांपैकी पहिल्या संकटावर तलाव हा खात्रीचा उपाय आहे. दुसऱ्यावर मात्र त्याचा इलाज चालत नाही.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले, आणि पुढे 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेल्या लहान तलावांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे आली. मालकीच्या या बदलात तलावाची देखभाल करणारी गावातील व्यवस्था मात्र विस्कटली. आज दुरुस्ती म्हटले की बहुधा खोलीकरण समजले जाते. यंत्राने गाळ उपसून तळ सर्वत्र सारखा खोल केला, की पाणीसाठा वाढतो हे खरे. परंतु काठाचा उथळ उतार नाहीसा होतो, आणि त्याबरोबर तेथे उगवणारे देवधान, पाणवनस्पती आणि पहिल्या पुरात चढून येणाऱ्या माशांची अंडी घालण्याची जागाही नाहीशी होते. धान पिकविणाऱ्या कुटुंबाचा विचार होतो आणि त्याच पाण्यावर जगणाऱ्या मच्छीमार ढिवर कुटुंबाचा विसर पडतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था व महिलांच्या गटांसह केलेले काम या दृष्टीने मोलाचे आहे. तण म्हणून माजलेली बेशरमाची झाडे उपटून, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरून आणि पाऊस पडताच त्यात स्थानिक पाणवनस्पती लावून त्यांनी देशी माशांना पुन्हा आसरा मिळवून दिला. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा राहतो, हे ज्ञान त्या कामात अभियंत्यांच्या आराखड्यातून आले नाही. ते ढिवरांकडूनच आले.

असे ज्ञान घेऊन भागीदारी करावयाची तर पहिला हात श्रीलंकेकडे जावा. त्या देशाच्या कोरड्या प्रदेशातही एकाखाली एक तलावांची साखळी असून, जागतिक अन्न व कृषी संघटनेने तिची जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून नोंद केली आहे. तेथील एक रीत गोंदियाने मुळातून समजून घ्यावी अशी आहे. हंगामापूर्वी शेतकरी एकत्र बसून, तलावात असलेल्या पाण्यावर किती क्षेत्र पिकवावयाचे ते ठरवितात, आणि पाणी फारच थोडे असेल तर तलावालगतची जमीन त्या हंगामापुरती सर्वांत वाटून घेतात. या वाटणीला बेथ्मा म्हणतात. मालकी ज्याची त्याची राहते, टंचाई मात्र सर्वांची होते. उन्हाळी धानाला पाणी द्यावे की मासे व गुरांसाठी ते राखावे, हा वाद ज्या गावांत दरवर्षी उभा राहतो, त्या गावांच्या ग्रामसभांना या रीतीतून घेण्यासारखे आहे. आणि देशी माशांच्या पुनर्वसनाचा अनुभव तिकडील तलावगावांना गोंदियाकडून देता येण्यासारखा आहे.

भागीदारीचा सराव मात्र समुद्रापलीकडे जाण्यापूर्वी राज्याच्या सीमेवर झाला पाहिजे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडण्यात आले, आणि गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील वैनगंगाकाठच्या गावांत पूर शिरला. वैनगंगा एक, पर्जन्य एक, परंतु कारभार दोन राज्यांचा. तरीही याच नदीच्या दोन्ही काठांवर, गोंदियात आणि मध्य प्रदेशातील बालाघाटात, सारस पक्ष्यांची गणना एकत्र करण्याची पद्धत पक्षिमित्र, शेतकरी व वनविभाग यांनी रूढ केली आहे, आणि तिला राज्याची सीमा आड आलेली नाही.

संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील अशा 29 विषयांमध्ये लघुसिंचन, जलव्यवस्थापन आणि मत्स्यव्यवसाय यांचा समावेश 73 व्या घटनादुरुस्तीने केलेला आहे. तेव्हा गोंदिया आणि बालाघाट येथील जिल्हा पंचायत संस्थांनी धरणातील विसर्गाची सूचना थेट नदीकाठच्या ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचविण्याची, आणि दोन्ही काठांवरील तलावांची एकच नोंदवही ठेवण्याची व्यवस्था पावसाळ्याआधी करावी. त्या नोंदवहीत पाळीची लांबी आणि साठवणक्षमता यांच्या शेजारीच प्रत्येक तलावातील मासे, वनस्पती आणि त्यांवर जगणारी कुटुंबे यांचीही नोंद व्हावी.